गल्ल्यावरून : डेमोतलं गिऱ्हाईक आणि खरं गिऱ्हाईक

गेल्या अंकात मी ओघात एक ओळ लिहून गेले होते, की उपाहारगृहासाठी बिलिंगचं मशीन बघायला जाल तेव्हा विक्रेत्याला फार बोलू देऊ नका. त्यावर पत्रांचा ढीग आला. दोन पत्रं विक्रेत्यांचीच होती, ती बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांतली सात इथे घेते आहे.

नवीन वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : सात वर्षं मामांच्या खानावळीत गल्ल्यावर बसले, पुढची अकरा वर्षं बिलिंगची मशीनं बसवणाऱ्या एका कंपनीत काढली, आता कुणाचीच नाही. त्यामुळे "कुठल्या कंपनीचं घेऊ?" या प्रश्नाला इथे उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे आमच्याच भागातल्या पद्धतीचं जेवण मिळतं. चौदा टेबलं आहेत, दुसरी शाखा लवकरच सुरू होईल. आजवर हाताने बिलं केली. आता पीओएस, म्हणजे बिलिंगचं मशीन, घ्यायचं ठरवलं, तर तीन विक्रेते येऊन गेले आणि तिघांचाही डेमो झकास झाला. निवडायचं कशावरून? — दोघे भाऊ

डेमो झकास होणारच, कारण डेमोतलं गिऱ्हाईक कधी विचार बदलत नाही. ते एक सूप मागवतं, एक कॉफी घेतं, बरोबर पैसे देतं आणि निघून जातं. असं गिऱ्हाईक मला अठरा वर्षांत एकदाही भेटलेलं नाही.

तुमच्या हातात एक मोठी ठेव आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. ती म्हणजे ही हाताने केलेली बिलं. आज रात्री गेल्या महिन्यातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसाचं बिलबुक काढा आणि त्यातली फक्त घाण बिलं वेगळी करा. खाडाखोड झालेली, कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेली, दोन पानं एकत्र टाचलेली, "उरलेले उद्या" असा शेरा असलेली. वीस निघाली तरी पुरे. तुमचा भाग, तुमची पद्धत, तुमचं वेगळेपण म्हणतात ते या वीस कागदांत असतं. स्वच्छ बिल कुठलंही मशीन करतं.

आता विक्रेत्याला पुन्हा बोलवा. या वेळी त्याने हाताची घडी घालून बसायचं. मशीनसमोर तुमच्या गल्ल्यावरचा माणूस बसेल आणि ती वीस बिलं एकेक करून टाकेल. विक्रेत्याने "द्या इकडे, मी दाखवतो" म्हटलं, की त्या बिलापुढे फुली मारा. रात्री गर्दीच्या वेळी तो तुमच्याकडे नसणार.

काय काय अडकतं, ते मी पाहिलेल्या बिलांवरून सांगते. मासळीचा भाव रोज सकाळी ठरतो आणि ती वजनावर जाते, म्हणजे एकाच पदार्थाला रोज नवा दर आणि प्रत्येक ताटाला वेगळं वजन. कित्येक मशीनांत दर बदलायला मालकाचा पासवर्ड लागतो, आणि मालक सकाळी बाजारात असतो. अर्धी प्लेट घ्या. तिची किंमत पूर्ण प्लेटच्या निम्मी नसते, पण कोठीतून माल मात्र निम्माच जातो. मशीनला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत, तर महिनाअखेरीला साठ्याचा हिशेब तुम्हाला वेड लावेल. "तिखट कमी" हा शेरा केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ठळक हवा आणि बिलावर अजिबात नको. "सूप आत्ता द्या, जेवण मी सांगेन तेव्हा" ही ऑर्डर घेता येते का, की सगळं एकदम आत जातं? आतल्या टेबलावरची माणसं वारा यावा म्हणून गच्चीत जाऊन बसली, तर आधी गेलेल्या केओटीचं ताट नव्या जागी पोचतं का? दोन टेबलं जोडून बसलेल्या सातजणांना पाच बिलं हवी असतात आणि मधला एक पदार्थ सगळ्यांनी मिळून खाल्लेला असतो. तो वाटून टाकायला किती बोटं मारावी लागतात, ते मोजा.

एक गोष्ट मात्र जवळपास सगळेच विसरतात, तिच्यावर मी थोडी अडून बसते. ऑर्डर रद्द केली, की स्वयंपाकघरात "रद्द"ची चिठ्ठी निघते का? गल्ल्यावरच्या पडद्यावरून पदार्थ पुसला जातो, बिल बरोबर येतं, मालक खूश. आत आचाऱ्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. तो मासळी तळून मोकळा होतो. मामांकडे पहिलं मशीन आलं तेव्हा पहिल्या आठवड्यात आम्ही घरच्यांनीच इतकी रद्द झालेली मासळी खाल्ली, की मामी म्हणाल्या, हे मशीन बरं आहे, स्वयंपाकाला सुट्टी.

हे यंत्र जन्मालाच आलं ते अविश्वासातून. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या गृहस्थांचं मद्यगृह होतं आणि गल्ल्यातले पैसे नोकर खिशात घालतात याने ते हैराण झाले होते. प्रवासात बोटीला ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे मोजणारं एक यंत्र त्यांच्या पाहण्यात आलं. फेरे मोजता येतात तर विक्री का नाही, असं म्हणून त्यांनी भावाच्या मदतीने रोकड नोंदवणारं यंत्र बनवलं आणि १८७९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचं नाव ठेवलं "भ्रष्ट न होणारा रोखपाल", अर्थात इंग्रजीत. त्या गोष्टीला दीडशे वर्षं होत आली, तरी विक्रेते अजून गल्ल्याचीच भीती घालून मशीन विकतात. माझा अनुभव वेगळा आहे. पैसा गल्ल्यातून जितका गळतो त्याहून जास्त टेबल आणि चूल यांच्या मधल्या वाटेवर गळतो. लिहायचा राहिलेला पदार्थ, दुसऱ्याच टेबलाला गेलेलं ताट, दोनदा केलेली भाजी. तुमची वीस बिलं त्या वाटेवरची आहेत. निवड तिथेच करा.

दुसऱ्या शाखेचं म्हणाल, तर आत्ता एकच विचारून ठेवा : पदार्थ एका जागी बदलला की दोन्हीकडे बदलतो का, आणि दर मात्र शाखेप्रमाणे वेगळा ठेवता येतो का. बाकीचं सहा महिन्यांनी बघू.

प्रश्न : बिल ज्या भाषेत होतं ती आमच्या आचाऱ्यांना वाचता येत नाही. विक्रेता म्हणतो, "आमच्या मशीनमध्ये सगळ्या भाषा आहेत." पडद्यावर दिसतातही. पण छापलेली चिठ्ठी बघितली तर अक्षरांचा चिवडा. दोष प्रिंटरचा की सॉफ्टवेअरचा? — एक मालकीणबाई

दोघांचाही थोडा, पण उपाय सॉफ्टवेअरवाल्याने करायचा असतो.

बिलाच्या साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात अक्षरांचे तयार तक्ते असतात. एका तक्त्यात जास्तीत जास्त २५६ खुणा. सॉफ्टवेअर नुसता आकडा पाठवतं, प्रिंटर त्या आकड्याची खूण काढून सारख्या मापाच्या चौकटीत ठेवतो, मग पुढची, मग पुढची. रोमन अक्षरांना हे चालतं. आपल्या देवनागरीला चालत नाही. पहिली वेलांटी संगणकात अक्षराच्या नंतर साठवलेली असते, पण दिसायची असते आधी. रेफ पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. अरबीत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी वेगळं रूप घेतं, शिवाय ओळ उजवीकडून सुरू होते. थाई लिपीत खुणांवर खुणा चढतात आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. पडद्यामागे ही जुळवाजुळव करणारा संगणक असतो, म्हणून तिथे सगळं छान दिसतं. प्रिंटरला ते येत नाही.

म्हणून नीट केलेलं सॉफ्टवेअर अशा लिपीतली ओळ अक्षरं म्हणून पाठवतच नाही. ते ओळीचं चित्र बनवतं आणि चित्र पाठवतं. नेहमीच्या ८० मिलिमीटरच्या कागदावर ७२ मिलिमीटर छपाई होते, प्रत्येक मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे रुंदीत ५७६ ठिपके. ५८ मिलिमीटरच्या छोट्या कागदावर हेच ३८४ होतात. एवढ्यात रेफ आणि अनुस्वार स्पष्ट दिसायचे तर अक्षर मोठं हवं, आणि अक्षर मोठं म्हणजे ओळीत कमी शब्द. त्यामुळे स्वयंपाकघरासाठी छोटा कागद मला कधीच पटला नाही. चित्र पाठवायला अक्षरांपेक्षा जास्त वेळ लागतो. केबलवर ते जाणवत नाही, ब्लूटूथवर जाणवतं.

परीक्षा सोपी आहे. विक्रेत्याला "अर्धी", "मिश्र" आणि "स्ट्रॉबेरी" हे तीन शब्द छापायला सांगा. "अर्धी"चा रेफ खाली घसरला, "मिश्र"ची वेलांटी "श्र"च्या गळ्यात पडली किंवा "स्ट्रॉ"चे तीन तुकडे झाले, तर नमस्कार करून निरोप द्या. मग एक लांबलचक नाव टाका. काही सॉफ्टवेअर विसाव्या-बाविसाव्या खुणेवर नाव कापतात आणि ते बरोबर जोडाक्षराच्या मधोमध कापलं जातं.

तुमचा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे. एका पदार्थाला दोन नावं हवी आहेत, बिलावर एक आणि चिठ्ठीवर दुसरं. "भाषा बदला" अशी कळ असली तर ती सगळं मशीनच त्या भाषेत नेते, ते तुमच्या कामाचं नाही. प्रत्येक पदार्थापुढे "स्वयंपाकघरातलं नाव" असा वेगळा रकाना आहे का, ते पाहा. असेल तर त्यात आचारी जे म्हणतात तेच लिहा, मेन्यूकार्डावरचं पल्लेदार नाव नको. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यासाठी क्रमांक. जुने वेटर क्रमांकावरच चालतात आणि कुणाहीपेक्षा झपाझप ऑर्डर घेतात, तेव्हा मशीनमध्ये पदार्थ क्रमांकाने शोधता आला पाहिजे.

एक पोटसूचना, विचारली नसली तरी. चुलीजवळ थर्मल प्रिंटर ठेवू नका. त्याचा कागद उष्णतेनेच काळा होतो. शेगडीच्या धगीत टांगलेली चिठ्ठी अर्ध्या तासात करडी होते, तेलाचा हात लागला की फिकी पडते. तिथे जुनाच ठोक्याचा, शाईच्या रिबिनीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर हवा. त्याचा आवाज येतो म्हणून लोक नाक मुरडतात. तो आवाज हीच त्याची निम्मी किंमत आहे, भांड्यांच्या खणखणाटात आचाऱ्याला मान वर न करता कळतं. लाल-काळी रिबीन लावून बदल आणि रद्दच्या ओळी लाल छापता येतात. कुणाला एखादा पदार्थ बाधत असेल तर तो शेराही लालच हवा. युरोपियन युनियनमध्ये १३ डिसेंबर २०१४ पासून ॲलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं उपाहारगृहांवर बंधनकारक आहे. तुमच्याकडे तसा नियम असो नसो, शेंगदाणा बाधणाऱ्या माणसाला नियमाशी घेणं-देणं नसतं.

प्रश्न : आमची एक शाखा सीमेच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. कर वेगळे, चलन वेगळं. एकच सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालवावं असं जावई म्हणतात. चालेल का? — सासरेबुवा

चालेल, पण जावयांना दर टाकायला लावू नका, नियम टाकायला लावा. कराचा दर कुठल्याही मशीनमध्ये बदलता येतो. अडतं ते कर कधी, कशावर आणि कुठल्या क्रमाने लागतो यात.

जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून बसून खाल्लं तर १० टक्के आणि बांधून नेलं तर ८ टक्के कर आहे. पदार्थ तोच, आचारी तोच. म्हणजे कर पदार्थाला चिकटवून भागत नाही, ऑर्डरच्या प्रकारालाही जोडावा लागतो. बसून खायला आलेल्याने अर्धवट जेवून "उरलेलं बांधा" म्हटलं तर काय, हा प्रश्न विक्रेत्याला विचारून त्याचा चेहरा बघा. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक साध्या उपाहारगृहांच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी आहे, पण पिण्याचं मद्य जीएसटीत येतच नाही, त्यावर राज्याचा वेगळा कर. एकाच टेबलाच्या एकाच बिलात दोन करपद्धती. जर्मनीत बसून जेवण्यावरचा कर जुलै २०२० मध्ये १९ वरून ५ टक्के झाला, जानेवारी २०२१ मध्ये ७, जानेवारी २०२४ मध्ये परत १९ आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा ७. साडेपाच वर्षांत चार बदल, आणि प्रत्येक बदल मध्यरात्री. तेव्हा "अमुक तारखेपासून अमुक दर" असं आधीच भरून ठेवता येतं का, आणि ते तुमचं तुम्हाला करता येतं की दर वेळी कंपनीला फोन लावावा लागतो, हे बघायलाच हवं.

दरात कर धरलेला असेल तर एक साधा हिशेब हाताने करून पडताळा. १९ टक्के धरून ११९ झाले, तर त्यातला कर १९. काही महाभाग ११९ चे १९ टक्के काढतात आणि २२.६१ भरतात. हसू नका, मी एका ठिकाणी असं वर्षभर चाललेलं पाहिलं आहे.

चलनाचं गंमतीदार आहे. आपण दोन दशांश गृहीत धरतो. जपानी येनला दशांशच नाहीत. कुवेत, बहरीन आणि ओमानच्या चलनाला तीन आहेत. कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचं नाणं बंद केलं, तेव्हापासून तिथे रोखीने दिलं तर एकूण रक्कम जवळच्या पाच सेंटला नेतात आणि कार्डाने दिलं तर पैसा न् पैसा तसाच राहतो. म्हणजे गिऱ्हाईक पैसे कसे देणार हे कळेपर्यंत बिलाची शेवटची रक्कम ठरत नाही. ज्या मशीनमध्ये पूर्णांक करण्याची एकच कळ आहे आणि ती सगळ्याच बिलांना लागते, ते अशा ठिकाणी रोज थोडं थोडं चुकत राहतं.

आणि कायद्याचं. काही ठिकाणी सरकारला नुसता हिशेब पुरत नाही, मशीनच्या आत डोकवायचं असतं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात २०११ मध्ये उपाहारगृहांना विक्री नोंदवणारी सरकारी मान्यतेची पेटी जोडणं सक्तीचं झालं होतं. कारण तिथे विक्री गुपचूप पुसून टाकणारी सॉफ्टवेअरं वापरात आली होती. जर्मनीत २०२० पासून इलेक्ट्रॉनिक गल्ल्यावरच्या प्रत्येक व्यवहारावर मान्यताप्राप्त सुरक्षा उपकरणाचा डिजिटल शिक्का हवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती द्यावीच लागते. "तिकडे पण चालतं हो" या वाक्याला अशा ठिकाणी काडीची किंमत नाही. तिकडच्या मान्यतेचा कागद मागा, आणि त्यावर लिहिलेली आवृत्ती तुम्हाला विकत आहेत तीच आहे का ते वाचा.

जाता जाता : विक्रेत्याने डोळा मिचकावून "बिल पुसायची पण सोय आहे" असं सांगितलं, तर उठा. जो सरकारपासून लपवायची सोय देतो, त्याने ती तुमच्या गल्ल्यावरच्या पोऱ्यालाही दिलेली असते.

प्रश्न : टॅबलेट बरा की गल्ल्यावरचं मोठं मशीन? — एक नवखा

पडद्याला बोट लावून उपाहारगृहाची ऑर्डर घेणं काही कालचं नाही, अमेरिकेत जीन मोशर यांनी १९८६ मध्ये अटारीच्या संगणकावर ते करून दाखवलं होतं. गल्ल्यावर जागचं मशीन, वेटरच्या हातात टॅबलेट. ओल्या, तेलकट बोटाने तो चालतो का, एवढं दुकानातच करून बघा.

प्रश्न : आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही. विक्रेता म्हणतो, "ऑफलाइन पण चालतं." विश्वास ठेवावा का? — महामार्गावरून

"ऑफलाइन चालतं" याचे किमान तीन अर्थ मी ऐकले आहेत. एक, गल्ल्यावर बिल होतं पण वेटरच्या हातातल्या टॅबलेटवरून ऑर्डर आत जात नाही. दोन, सगळं चालतं पण कार्ड नाही. तीन, पडद्यावर गोल गोल फिरत राहतं आणि त्याला ते चालणं म्हणतात.

तिसरा अर्थ मी स्वतः भोगला आहे. मी बसवलेल्या एका मशीनबद्दल आमच्याच कंपनीने ऑफलाइनचं वचन दिलं होतं आणि मीही ते पोपटासारखं पुढे केलं होतं. सुट्टीच्या संध्याकाळी, सगळी टेबलं भरलेली असताना जोडणी गेली. मालकांनी मला फोनवर एक शब्द वाईट बोलला नाही. फक्त फोन गल्ल्यावर उघडा ठेवून दिला आणि तिथला गोंधळ मला पाऊण तास ऐकवला. त्यानंतर मी राउटरची वायर उपटल्याशिवाय मशीन ताब्यात दिलं नाही.

तुम्हीही तेच करा. डेमो चालू असताना वायर काढा. पंधरा-वीस मिनिटं दोन ठिकाणांहून ऑर्डरी टाका, केओटी काढा, बिलं करा, मग वायर परत लावा. आता बिलांचे क्रमांक पाहा. दोन गल्ले तुटलेले असताना दोघांनीही १०१ नंबरचं बिल काढलेलं असेल, तर करखात्यापुढे तुम्हाला जोडीने उभं राहावं लागेल. प्रत्येक गल्ल्याची वेगळी मालिका हवी.

आणि पुष्कळदा जातं ते इंटरनेट नसतंच, घरातलं वाय-फाय असतं. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करतो, ज्यात साधं वाय-फाय चालतं. ओव्हन लावला की चिठ्ठी अडते आणि सगळे प्रिंटरला शिव्या घालतात. स्वयंपाकघरातल्या प्रिंटरला सरळ केबल ओढा, १०० मीटरपर्यंत काही करावं लागत नाही. यूपीएस गल्ल्याला लावता तसा राउटरलाही लावा. राउटर सगळे विसरतात.

प्रश्न : एक कंपनी मशीन फुकट देते आहे, विक्रीवर थोडा टक्का घेणार म्हणते. घ्यावं? — फुकटाला भुललेला

सहीच तुमची तशी आहे, तेव्हा सल्ला अर्धा पटलेलाच दिसतो.

टक्का विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. समजा शंभराच्या विक्रीत तुमच्या हाती दहा उरतात. विक्रीवर एक टक्का म्हणजे त्या दहातला एक, नफ्याचा दहावा हिस्सा. दर महिन्याला, मशीन जुनं झालं तरी. पाच वर्षांची विक्री अंदाजे मांडा, टक्का काढा आणि तो आकडा विकतच्या मशीनशेजारी लिहा. कधी फुकटवालं स्वस्तही पडतं, नवीन आणि छोट्या धंद्याला विशेषतः. पण हिशेब न करता नाही.

करारात दोन कलमं शोधा. मशीन दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरवर चालतं का, आणि सोडून जाताना तुमचा डेटा कसा मिळतो. पीडीएफचे गठ्ठे म्हणजे डेटा नव्हे. प्रत्येक बिलातली प्रत्येक ओळ साध्या एक्सेलच्या तक्त्यात मिळाली पाहिजे. ते आजच, सही करण्याआधी, डेमोच्या मशीनवरून काढून मागा. "नंतर देऊ" म्हणाले तर नंतर सही करा.

प्रश्न : सगळं ठरलं, पण बाबा वही सोडायला तयार नाहीत. रोज रात्री वहीत लिहितात आणि मशीनचा आकडा चूक आहे म्हणतात. त्यांना कसं समजवावं? — वैतागलेली मुलगी

अगं, आधी त्यांचं ऐकून घे.

मामांनीही वही सोडली नव्हती. मशीन आलं त्या पहिल्या रात्री त्यांचा आकडा आणि मशीनचा आकडा जुळला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी मशीन बसवणारा मुलगा आला, त्याने सगळी गोळाबेरीज तपासली आणि मामांना समजावलं, "काका, मशीन चुकत नाही, तुमच्याकडून काहीतरी राहतंय." मामा काही बोलले नाहीत. त्यांनी वही त्याच्यापुढे सरकवली आणि रात्री बाराच्या पुढच्या चार ओळींवर बोट ठेवलं. शेवटची टेबलं उठायला आमच्याकडे साडेबारा-एक व्हायचा. मशीन ठोक बाराला दिवस बदलत होतं, त्यामुळे ती बिलं रोज दुसऱ्या दिवसात जात होती. मामांचा दिवस शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर संपायचा.

त्या मुलाने दिवस बंद व्हायची वेळ पहाटे चार केली. चौथ्या रात्री दोन्ही आकडे जुळले. मामांनी वहीत त्या रकमेखाली दोन रेघा मारल्या आणि मशीनकडे बघून म्हणाले, "शिकलं."

तुझ्या बाबांच्या वहीतला फरक रोज साधारण तेवढाच आहे का, आणि कुठल्या वेळेच्या बिलांचा आहे, ते आज रात्री त्यांच्या शेजारी बसून बघ.